एक नाव, दोन वेली

१९३६ साल. बोस्टनमध्ये पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन हे दोन डॉक्टर शवविच्छेदनातून आलेल्या मूत्रपिंडांचे काप मायक्रोस्कोपखाली बघत बसले होते. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक केशवाहिन्यांचे लाखो गुंते असतात. काही रुग्णांच्या त्या गुंत्यांमध्ये त्यांना गोल गोल गाठी दिसल्या. हे बहुतेक रुग्ण मधुमेही होते. मधुमेहामुळे मूत्रपिंड कसं खराब होतं याचं पहिलं नीट चित्र ते हेच. त्या गाठींना आजही या दोघांचंच नाव आहे.

त्याच वर्षी चीनमध्ये झाओ चंगगू नावाचे रसायनशास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्याबरोबर एका वेलीच्या मुळातून लाल रंगाचा पदार्थ वेगळा करत होते. वेलीचं नाव लेइगोंगतेंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. भाजीवरची कीड मारायला शेतकरी तिच्या मुळाची पूड वापरायचे. झाओंनी सापडलेल्या लाल पदार्थाला वेलीच्या शास्त्रीय नावावरून 'ट्रिप्टेरिन' म्हटलं.

बोस्टनच्या त्या गाठी आणि चीनमधलं हे मूळ यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो संबंध जुळायला पुढे सत्तरेक वर्षं लागली. आजची गोष्ट त्या सत्तर वर्षांची आणि मध्ये घडलेल्या एका भयंकर घोटाळ्याची. सॉफ्टवेअरवाल्यांना हा घोटाळा जरा जास्तच लवकर समजेल, कारण मुळात तो नावांचा घोटाळा आहे :)

आधी थोडं मागे जाऊ. चिनी वैद्यकात 'शियाओके' नावाचा एक रोग आहे. शब्दशः अर्थ, झिजवणारी तहान. खूप तहान, खूप लघवी आणि माणूस वाळत जाणं. हा म्हणजे तंतोतंत आपला टाइप २ मधुमेह नव्हे (जुन्या रोगांची नावं नव्या रोगांना जशीच्या तशी चिकटवायची घाई करू नये), पण बरीचशी माणसं तीच असणार. इसवी सन ७५२ मध्ये वांग ताओ नावाच्या अधिकाऱ्याने जुन्या वैद्यांची मतं एकत्र करून एक मोठा ग्रंथ रचला. त्यात त्याच्याही आधीच्या, सातव्या शतकातल्या झेन लियान या वैद्याचं निरीक्षण आहे, की या रोग्यांची लघवी गोड असते. आपल्या सुश्रुताने तर नावच 'मधुमेह' दिलं, त्यामुळे गोडव्याचं श्रेय कुणाला यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. मला त्यात फारसा रस नाही. मला थांबवलं ते पुढच्या ओळींनी. झेन लियान या रोगाचे प्रकार सांगतो, आणि त्यातल्या एकात तहान तितकी नसते, पण पाय सुजतात, पौरुष जातं आणि लघवी वारंवार होते. या प्रकाराला तो 'शेनशियाओ' म्हणतो. शेन म्हणजे मूत्रपिंड.

पाय सुजतात! मधुमेही माणसाच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली की नेमकं हेच होतं. चिनी वैद्यकातलं 'शेन' आणि आपल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली किडनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरीही मायक्रोस्कोप नाही, लॅब नाही, नुसत्या डोळ्यांनी आणि जिभेने तेराशे वर्षांपूर्वी इथपर्यंत पोचणं ही काही साधी गोष्ट नाही.

आता वेलीकडे. लेइगोंगतेंग ही मालकांगोणीच्या कुळातली वनस्पती. दक्षिण चीनच्या डोंगरांत उगवते. तिचं एक लोकनाम आहे 'आतडी तोडणारं गवत', म्हणजे प्रकरण किती विषारी आहे ते नावातच आलं. (हेच लोकनाम चीनमध्ये आणखी काही विषारी वनस्पतींनाही आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) १९३९ मध्ये अमेरिकेत ओले गिस्वोल्ड यांनी 'सेलॅस्ट्रस' नावाच्या वेलीच्या मुळातून एक लाल पदार्थ काढला आणि त्याला 'सेलॅस्ट्रॉल' म्हटलं. १९४२ मध्ये कीटकनाशकं शोधणाऱ्या अमेरिकन शेती खात्यातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सेलॅस्ट्रॉल आणि झाओंचं ट्रिप्टेरिन एकच. एक वस्तू, दोन नावं. आपल्या भाषेत, एकाच मेमरी लोकेशनला दोन व्हेरिएबल. यात कुणाचं नुकसान होत नाही. फार तर पेपर शोधताना डोकं दुखतं.

नंतर बराच काळ वेल शांत. मग साठचं दशक संपता संपता चीनमध्ये वातावरण बदललं. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस. विद्यापीठं बंद, पण पारंपरिक औषधांमधून काहीतरी शोधा म्हणून सरकारचा रेटा. मलेरियासाठीचा गुप्त 'प्रकल्प ५२३' १९६७ मध्ये सुरू झाला. त्यातून तू यूयूंचं आर्टेमिसिनिन आलं आणि पार २०१५ मध्ये नोबेल आलं, हे बहुतेकांना माहीत असेल. त्याच काळात, १९६९ च्या सुमारास, फुजियान प्रांतात ही विषारी वेल संधिवाताच्या रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. सूज उतरत होती. म्हणजे वेल शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला दाबते, असा अंदाज आला.

नानजिंगच्या लष्करी इस्पितळात ली लेइशी नावाचे मूत्रपिंडतज्ज्ञ होते. त्यांनी साधा विचार केला. मूत्रपिंडाचे अनेक दाह हे प्रतिकारयंत्रणा बिथरल्यामुळेच होतात. मग ही वेल तिथे का चालू नये? १९७७ पासून त्यांनी ती मूत्रपिंडाच्या दाहासाठी वापरायला सुरुवात केली. लघवीतली प्रथिनं कमी व्हायला लागली. हळूहळू मुळाचा काढा मागे पडला आणि शुद्ध केलेल्या अर्काच्या गोळ्या आल्या. त्यांच्या शिष्या ल्यू झीहोंग यांनी हे काम पुढे नेलं. (याच मंडळींनी रेवाचिनीच्या मुळातल्या 'ऱ्हाइन' या द्रव्यावरही मधुमेही मूत्रपिंडासाठी बरंच काम केलं. पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.)

प्रथिनं लघवीत येतात म्हणजे काय होतं? गाळणीच्या बाहेरच्या बाजूला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, हाताची बोटं एकमेकांत गुंफावीत तशा. बोटांमधल्या फटीतून पाणी जातं, प्रथिनं अडतात. मधुमेहात ही बोटं सुटतात, चपटी होतात, पेशीच गळून पडतात. आणि गेलेली पोडोसाइट जवळपास परत येत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत मॉरिस कुपचान यांनी या वेलीतून 'ट्रिप्टोलाइड' नावाचं द्रव्य काढलं होतं, तेही रक्ताच्या कर्करोगासाठी. हे ट्रिप्टोलाइड पोडोसाइटचं रक्षण करतं असं २००८ च्या आसपास उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि २०१० मध्ये मधुमेही उंदरांमध्येही. झाला की नाही १९३६ च्या दोन टोकांचा सांधा!

मग माणसं. २०१३ मध्ये नानजिंगच्या गटाने ६५ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळे मधुमेही, लघवीतून भरपूर प्रथिनं जाणारे. काहींना वेलीच्या अर्काच्या गोळ्या, काहींना वाल्सार्टन, जे रक्तदाबाचं आणि मूत्रपिंडाचं नेहमीचं औषध. सहा महिन्यांत वेलीच्या गटात प्रथिनं साधारण ५ ग्रॅमवरून ३ ग्रॅमवर आली. वाल्सार्टनच्या गटात तसा फरक दिसला नाही.

इथे टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं. पण थांबा. माणसं ६५. मुदत सहा महिने. इस्पितळ एकच. आणि मोजलं काय, तर लघवीतली प्रथिनं. मूत्रपिंड वाचलं का, डायलिसिस टळलं का, हे सहा महिन्यांत कळतच नाही. स्टेजिंगवर चाललं म्हणजे प्रॉडक्शनवर चालेल असं आपण कधी म्हणतो का? (म्हणतो. शुक्रवारी संध्याकाळी. आणि शनिवार-रविवार भोगतो.)

शिवाय किंमत आहेच. या गोळ्यांनी स्त्रियांची पाळी थांबते, पुरुषांचे शुक्राणू घटतात. इतके घटतात, की ऐंशीच्या दशकात चिनी संशोधकांनी ही वेल पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चालेल का याचा गंभीरपणे अभ्यास केला होता! यकृताला त्रास, पांढऱ्या पेशी कमी, आणि मात्रा चुकली तर खुद्द मूत्रपिंडालाच इजा. २०१२ मध्ये चीनच्या औषध नियामकाने या गोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात भर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांमध्ये ट्रिप्टोलाइडचं प्रमाणही वेगवेगळं सापडतं.

हे दुष्परिणाम गाळून टाकता येतील का? २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ट्रिप्टोलाइड नेमकं कुठे चिकटतं ते शोधलं. ते चिकटतं 'एक्सपीबी' नावाच्या प्रथिनाला, आणि हे प्रथिन लागतं कशाला, तर पेशीतल्या जनुकांची नक्कल काढायला, म्हणजे प्रत्येक कामाच्या अगदी पहिल्या पायरीला. ट्रिप्टोलाइड तिथेच खीळ घालतं. प्रतिकारयंत्रणेच्या भडकलेल्या पेशी त्यामुळे थंडावतात, आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशीही त्याच कारणाने. म्हणजे गुण आणि दोष हे कोडच्या दोन वेगळ्या ओळी नाहीतच, एकच ओळ आहे. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला ही वेल दाखवायला हवी होती.

आता तो घोटाळा.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या आसपास झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. चिनी वैद्यकात त्याला जवळपास आपल्या चरकाचा मान आहे. सूज उतरवण्यासाठी त्याचा एक काढा प्रसिद्ध आहे, फांगजी आणि हुआंगची या दोन मुख्य औषधांचा. त्यातली फांगजी म्हणजे एक वेल, शास्त्रीय नाव स्टेफानिया टेट्रांड्रा, आपल्या गुळवेलीच्या कुळातली. पण चीन मोठा देश. दक्षिणेत, ग्वांगडोंगकडे, दुसऱ्याच एका वेलीच्या मुळालाही फांगजी म्हणायचे. मुळं कापून वाळवली की दिसायलाही जवळपास सारखी. हिला ग्वांगफांगजी म्हणायचे, पण व्यवहारात पुढचं 'ग्वांग' गळायचं. ही दुसरी वेल ॲरिस्टोलोकिया कुळातली. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसण, त्याच कुळातली. या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं.

एक नाव, दोन वेली. नेमस्पेस नाही, व्हर्जन नंबर नाही. कंपायलर तक्रार करणार कशी?

मे १९९० मध्ये ब्रसेल्समधल्या वजन कमी करणाऱ्या एका दवाखान्याने आपला फॉर्म्युला बदलला. दवाखाना पंधरा वर्षं बिनबोभाट चालला होता. नव्या फॉर्म्युल्यात दोन चिनी वनस्पतींची पूड आली. त्यातली एक, कागदोपत्री, स्टेफानिया टेट्रांड्रा. दीडेक वर्षातच ब्रसेल्सच्या इस्पितळात तरुण बायका मूत्रपिंड निकामी होऊन यायला लागल्या. साखर नाही, रक्तदाबाचा जुना इतिहास नाही, आणि मूत्रपिंड बघावं तर आतून तंतूंनी भरून आक्रसलेलं. ज्याँ-लुई व्हानहर्वेगेम आणि सहकाऱ्यांनी प्रत्येकीला विचारायला सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या बोलण्यात तोच एक दवाखाना आला. १९९३ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये नऊ जणींची हकिगत छापली. १९९४ मध्ये पूड तपासली गेली, तेव्हा स्टेफानियाच्या नावाखाली ॲरिस्टोलोकिक ॲसिड सापडलं. रुग्णांचा आकडा पुढे शंभरावर गेला.

आणि हे इतक्यावर संपलं नाही. हे ॲसिड डीएनएला जाऊन चिकटतं आणि चिकटूनच राहतं. मूत्रपिंड गेलेल्या या रुग्णांपैकी ३९ जणांनी, पुढे कर्करोग होईल या भीतीने, आपली निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून घेतल्या. त्यातल्या १८ जणांना कर्करोग आधीच झालेला होता. हा अहवाल २००० सालचा. वजन थोडं कमी व्हावं म्हणून गेलेली माणसं होती ही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते एका जुन्या बग रिपोर्टने. १९६४ मध्ये, म्हणजे ब्रसेल्सच्या एकोणतीस वर्षं आधी, चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या एका वैद्यकीय मासिकात दोन रुग्णांची नोंद आली होती. 'मुतोंग' नावाचं औषध मोठ्या मात्रेत घेतलं आणि मूत्रपिंडं बंद पडली. मुतोंगचीही तीच गत. जुन्या ग्रंथांतली मुतोंग ही अकेबिया नावाची निरुपद्रवी वेल. विसाव्या शतकात तिच्या जागी ईशान्य चीनमधली 'ग्वानमुतोंग' बाजारात पसरली, आणि ती निघाली ॲरिस्टोलोकिया. तिकीट उघडलं गेलं होतं. पण ते कुणी वाचलं नाही, कुणाला असाइन झालं नाही, आणि ग्वानमुतोंग घातलेल्या गोळ्या चीनभर सहज मिळत राहिल्या. २००३ मध्ये वर्तमानपत्रांतून बोंब झाली तेव्हा चीनने ग्वानमुतोंगवर बंदी घातली, २००४ मध्ये ग्वांगफांगजीवर. तैवाननेही २००३ मध्ये बंदी आणली. तोवर तिथल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना अशी वनस्पती असलेलं औषध कधी ना कधी लिहून दिलं गेलं होतं. मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग तैवानमध्ये इतका का, याचं उत्तर २०१२ मध्ये गाठींच्या डीएनएमध्येच मिळालं. या ॲसिडची सही तिथे उमटलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, चीनचं चीनपाशी. तर २०२० आठवा. कोविडच्या दिवसांत आपल्याकडे घराघरात गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची. आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं, की रुग्णांनी घेतली ती वनस्पती नक्की कोणती हे तपासलेलं नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. २०२२ मध्ये १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, वाद चालूच राहिला. मला त्या वादाचा निवाडा करता येणार नाही. पण मंत्रालयाचा बचाव पुन्हा वाचा. 'ती ती नव्हेच' हा बचाव असेल, तर बाजारातून आणलेली ती कोणती हे घेणाऱ्याने कसं ओळखायचं?

आमच्या ओळखीतले एक काका रोज सकाळी साखरेसाठी एक चूर्ण घेतात. पिशवीवर वनस्पतींची नावं आहेत, आठ-नऊ. गोड गोड मराठी नावं. शास्त्रीय नाव एकाचंही नाही, बॅच नंबर नाही. त्यांचं क्रिएटिनिन गेल्या वर्षीपेक्षा वाढलंय. ते मधुमेहामुळे, वयामुळे, की पिशवीतल्या कशामुळे, हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही, कारण पिशवीत काय आहे तेच माहीत नाही. चूर्ण बंद करा म्हटलं तर काकू म्हणतात, अरे झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय!

आणि गंमत बघा, मधुमेही मूत्रपिंडासाठी आज हातात असलेल्या सर्वांत चांगल्या औषधांपैकी एक घराणं झाडपाल्यातूनच आलंय. चीनमधून नव्हे, बेल्जियममधून! १८३५ मध्ये द कोनिंक आणि स्तास या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून 'फ्लोरिझिन' काढलं. चव कडू, म्हणून सिंकोनासारखं तापावर चालेल असं वाटलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं तर लघवीतून साखर वाहायला लागली. शंभर वर्षं ते प्रयोगशाळेतलं खेळणं होतं, कारण पोटात गेलं की आतड्यातच तुटतं. मग जपानी आणि इतर कंपन्यांनी त्याचा सांगाडा घेऊन न तुटणारी भावंडं घडवली. कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन वगैरे. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनची मधुमेही मूत्रपिंडावरची चाचणी प्रसिद्ध झाली, रुग्ण ४,४०१. मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका साधारण ३० टक्क्यांनी कमी. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. ६५ आणि ४,४०१ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

म्हणजे चिनी औषधी मोडीत काढायची का? तसंही नाही. झांग झोंगजिंगच्या त्याच काढ्यातल्या दुसऱ्या औषधाचं, हुआंगचीचं बघा. ती ॲस्ट्रागॅलस नावाच्या झुडपाची मुळं. हाँगकाँगमध्ये मधुमेही मूत्रपिंडाच्या ११८ रुग्णांवर तिची चाचणी झाली. नेहमीची औषधं सगळ्यांनाच चालू, निम्म्यांना वरून हुआंगची, ४८ आठवडे. आणि इथे नुसती लघवीतली प्रथिनं नाही, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता किती वेगाने घसरते ते मोजलं. हुआंगचीच्या गटात घसरण मंदावलेली दिसली. ११८ माणसं म्हणजे काही ४,४०१ नव्हेत, आणि रुग्णांना आपण काय घेतोय हे माहीत होतं, म्हणून मी अजून काकांना हुआंगची सुचवलेली नाही. त्यांना मी एवढंच सांगितलंय, की पुढच्या वेळी नेफ्रॉलॉजिस्टकडे जाताना ती पिशवी सोबत न्या.